धसका बसलेल्या माणसाजवळ

मार्चपासून चंद्रपूर आणि गडचिरोलीतली गावंच्या गावं पहाटे जंगलात असतात. आधी मोहफूल, मग मे महिन्यात तेंदूपाने. वाघाच्या हल्ल्यांचेही हेच दिवस. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. अशा घटनेनंतर काय काय होतं ते इथल्या माणसांना पाठ आहे. वनविभागाची गाडी येते, पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं, तातडीची मदत मिळते, पुढारी येऊन जातात, पिंजरा लागतो. तेरवी झाली की अंगण रिकामं होतं. त्यानंतर त्या घरी जाते ती बहुतेक वेळा गावची आशाताई, आणि तीही बाळाच्या लसीची तारीख आली म्हणून. जावेला डोळ्यांदेखत ओढून नेलेलं पाहिलेली बाई चुलीपुढे बसलेली असते. भात करपतो तरी तिला वास येत नाही. आशाताई बाळाचं वजन करते, कार्ड भरते, ‘काळजी घ्या’ म्हणते आणि निघते. याहून वेगळं काय करायचं, हे तिला कुणी शिकवलेलंच नसतं.

ते कसं शिकवावं, यासाठी हा लेख आहे. तालुका आरोग्य अधिकारी, गटप्रवर्तक, आश्रमशाळांचे मुख्याध्यापक, या दोन जिल्ह्यांत काम करणाऱ्या संस्था अशा, ज्यांच्या हातात प्रशिक्षणाचे चार दिवस असतात, त्यांच्यासाठी लिहिलेला. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. मनावर खोल घाव झालेल्या माणसाला ‘काय झालं ते सांग’ असं न म्हणणं, ही या प्रशिक्षणात शिकवायची पहिली गोष्ट. बाकीचं सगळं तिच्यावर उभं राहतं.

साध्या कार्यकर्त्यांना हे जमेल का

गडचिरोलीत तरी ही शंका टिकायला नको. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली इथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. बाळाचा न्यूमोनिया ओळखायला मिनिटातले श्वास मोजावे लागतात. आकडे मोजण्याची सवय नसलेल्या सुईणींसाठी ‘सर्च’ने मणी सरकवून श्वास मोजायचं साधन बनवलं आणि सुईणी अचूक निदान करू लागल्या. पुढे ३९ गावांतल्या आरोग्यदूत स्त्रियांनी घरोघरी जाऊन नवजात बाळं सांभाळली, जंतुसंसर्ग ओळखला, इंजेक्शनं दिली. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं आणि नंतर देशभरच्या आशांच्या कामात ही पद्धत आली.

या कामातून प्रशिक्षकाने तीन गोष्टी उचलायच्या. कौशल्याचे लहान लहान तुकडे केले होते. प्रत्येक तुकडा हाताने पुन्हा पुन्हा करून घेतला होता. आणि प्रशिक्षण संपल्यावरही डॉक्टर नियमित गावात येऊन काम तपासत, चुकलं ते तिथेच दुरुस्त करत. मानसिक आरोग्याच्या बहुतेक प्रशिक्षणांत ही तिसरी गोष्ट गळते. दोन दिवसांचं शिबिर, फाईल, प्रमाणपत्र, समूह छायाचित्र, एवढ्यावर सगळं संपतं. मला विचाराल तर पुढच्या वर्षभराच्या पाठपुराव्याचे पैसे बाजूला काढता येत नसतील, तर शिबिर भरवूच नये. अर्धवट शिकलेला माणूस धीटपणे जखम उघडतो आणि मग ती झाकता येत नाही.

मनाच्या आजारांबाबतही पुरावा जवळचाच आहे. विदर्भातल्या ३० गावांत झालेल्या ‘विश्राम’ या कार्यक्रमात गावातल्याच कार्यकर्त्यांनी काम केलं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत सामान्य शिक्षण झालेल्या समुपदेशकांकडून सहा ते आठ भेटींत नैराश्यावर उपचार करून दाखवले. झिम्बाब्वेत दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून आज्या हेच करतात. हे सगळे प्रयोग मुख्यतः नैराश्याचे आहेत आणि आघाताची वाट अधिक नाजूक असते. म्हणून आशाताईकडून उपचारतज्ज्ञाची अपेक्षा ठेवायची नाही. तिने ओळखावं, पहिला आधार द्यावा, महिनोन् महिने साथ करावी आणि वेळेवर पुढे पाठवावं. एवढं झालं तरी इथल्या शेकडो घरांत फरक पडेल.

कोण बसेल आणि कसं बसेल

एका तुकडीत पंधरा ते वीस जण, एकाच तालुक्यातले. आशा, आरोग्यसेविका, उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी, अंगणवाडी सेविका, आश्रमशाळेचे अधीक्षक आणि अधीक्षिका. ताडोबा आणि ब्रह्मपुरीच्या बाजूला वनरक्षकालाही बोलवा, कारण हल्ल्यानंतर पहिला गणवेश त्याचाच दिसतो आणि लोकांचा रागही त्याच्यावरच निघतो. वरिष्ठ अधिकारी पाहुणे म्हणून पहिला तासभर येऊ देत, पण सरावाला बसायला नकोत. साहेबापुढे कुणी रडत नाही आणि चुकतही नाही.

भाषेचा विचार आधी करा. भामरागडला माडिया, धानोरा-कोरचीकडे गोंडी आणि छत्तीसगडी, सिरोंचात तेलुगू, मुलचेऱ्यात बंगाली, ब्रह्मपुरी-वडशाकडे झाडीबोली. प्रशिक्षण मराठीत चाललं तरी सराव ज्या भाषेत बाई रडते त्या भाषेतच व्हायला हवा. पहिल्या सकाळी फळ्यावर गावातले शब्द लिहून घ्या. जीव घाबरते, धसका बसला, मन लागत नाही, हातपाय गळून जाते, हवा लागली, कुणी काही केलं. पुढचे चारही दिवस याच शब्दांत बोला. निदानाची नावं डॉक्टरांच्या कागदावर राहू द्या.

चार दिवस सलग घेऊ नका. दोन दिवस, मग महिनाभर गावात काम, मग पुन्हा दोन दिवस. दुसऱ्या खेपेला कार्यकर्त्या खरे प्रश्न घेऊन येतात आणि शिकणं तेव्हाच सुरू होतं.

ओळखायचं कसं

इथे प्रशिक्षकाने घाई करू नये. पूर्ण दिवस द्यावा.

घाव नेहमी रडून दिसत नाही. गावात तो बहुतेकदा शरीरातून बोलतो. डोकं जड, छातीत धडधड, पाठ भरून येणं, पोटात गोळा, पांढरं जाणं, अंगाची आग. तपासण्या बरोबर येतात, गोळ्यांनी भागत नाही आणि बाई दर आठवड्याला उपकेंद्रात येते. अशा बाईला ‘हिची नेहमीचीच तक्रार’ म्हणून परत पाठवायची सवय मोडायला हवी. झोपेचं विचारलं की पुष्कळ कळतं. दचकून उठणं, तेच ते स्वप्न, पहाटे दोनला अंगणात येऊन बसणं. मग दिवसाचं बघायचं. घराची कडी पुन्हा पुन्हा तपासणं, भांडं पडलं तरी उडणं, एखादी वाट, एखादा माणूस, एखादा वास टाळणं. काही जण भडकतात. काही पिऊ लागतात. काही जण समोर असूनही नसतात. डोळे उघडे असतात, पण हाक पोचत नाही. मुलांमध्ये पुन्हा अंथरूण ओलं होऊ लागतं, आईचा पदर सुटत नाही, किंवा मूल तोच प्रसंग खेळात पुन्हा पुन्हा खेळतं.

यातलं बरंचसं पहिल्या तीन-चार आठवड्यांत कुणालाही होईल. तो आजार नव्हे, आणि घरच्यांना ते स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. बहुतेक माणसं आपल्या माणसांत राहून सावरतात. महिना उलटला तरी त्रास तसाच आहे, वाढतो आहे, माणूस कामाला लागत नाही, बाळाला पाजत नाही, तेव्हा पुढे पाठवायचं. मरणाची भाषा, अंगावरचं भान जाणं, आवाज ऐकू येणं यासाठी महिना थांबायचं नाही, त्याच दिवशी हालचाल करायची.

या दोन जिल्ह्यांत एक गोष्ट कधीच विसरायची नाही. अचानक बरळायला लागलेला, दिवस-रात्र कळेनासा झालेला माणूस धसक्याने तसा झाला असं धरून चालू नका. आधी ताप पाहा, मलेरियाची रक्ततपासणी करा. मेंदूत चढलेला मलेरिया इथे माणसं नेतो आणि पुजाऱ्याकडे गेलेले तासही तेवढेच जीवघेणे ठरतात. फिट, बाळंतपणानंतरचा वेडेपणा, दारू अचानक बंद केल्यावरचा कंप आणि भास, सिकलसेलच्या वेदना, खूप कमी रक्त ही सगळी कारणं आधी तपासायची. या यादीचा फलक उपकेंद्राच्या भिंतीवर लावा.

घाव कशाकशाचे असतात, हेही कार्यकर्त्यांकडूनच काढून घ्या. वाघ, साप, रस्त्यात झालेलं बाळंतपण आणि गेलेलं बाळ. दारू पिऊन होणारी रोजची मारहाण. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि चंद्रपुरात २०१५ ते २०२१ या काळात होती, पण मोहाची दारू आणि तिच्यामागून येणारा मार दोन्हीकडे घराघरांत माहीत आहे. जादूटोण्याचा आळ हाही फार खोल घाव. २०२१ च्या ऑगस्टमध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात म्हाताऱ्या माणसांना या संशयावरून भर चौकात बांधून मारलं गेलं. मारणारे शेजारी असतात आणि नंतर त्याच शेजारात राहायचं असतं, म्हणून हा घाव भरून यायला सगळ्यात अवघड.

पहिली भेट

जगभरातल्या आपत्तींतून तयार झालेली, जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये पुस्तिका काढून प्रसारित केलेली मानसिक प्रथमोपचाराची रीत तीन क्रियांची आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. शिकवायला सोपी आहे, पण करून घेतल्याशिवाय येत नाही.

पाहा, म्हणजे आधी सुरक्षितता. मारणारा घरातच आहे का? बाई आजची रात्र कुठे काढणार? खाल्लं आहे का, पाणी प्यायलं आहे का, औषधं चालू होती ती सुटली का? उपाशी आणि घाबरलेल्या माणसाशी मनाविषयी बोलायला जाऊ नये.

ऐकणं शिकवायला तिघांचे गट करा. एक बोलेल, एक ऐकेल, एक नुसतं पाहील. मग जागा बदला. वडसा देसाईगंजच्या नाटकांवर वाढलेल्या झाडीपट्टीत सोंग घ्यायला कुणी लाजत नाही, ही मोठीच सोय. फक्त एक नियम कडक पाळा, स्वतःची खरी गोष्ट सरावात आणायची नाही. ठरवून दिलेलीच भूमिका करायची. तरीही कुणाचं तरी जुनं वर येईलच, म्हणून एक अनुभवी बाई त्या दिवशी कामातून मोकळी ठेवा. तिने उठून गेलेल्या कार्यकर्तीबरोबर बाहेर जाऊन बसायचं.

सरावासाठी संवाद असा काहीसा द्या.

‘मावशी, मी बसू का जी इथं थोडा वेळ?’

‘बस.’

‘झोप येते का रात्री?’

‘कुठची झोप? डोळे मिटले का तेच.’

इथे नव्या कार्यकर्तीच्या तोंडून हमखास निघतं, ‘काय दिसते? सांगा बरं, मन हलकं होते.’ हेच थांबवायचं आहे. तिने म्हणावं, ‘असं होते जी. एवढं मोठं झाल्यावर कुणालाही होते. जेवल्या का तुम्ही? घरात कोण आहे सोबतीला?’ मावशी आपणहून सांगू लागली तर अडवायचं नाही, तपशील विचारायचे नाहीत, मान हलवत ऐकायचं. सांगता सांगता श्वास चढला, डोळे थिजले, तर गोष्ट तिथेच हळूच थांबवायची. ‘मावशी, माझ्याकडे पाहा. पाय जमिनीला टेकवा. अंगणात काय काय दिसते सांगा मला.’ कोंबडी, उखळ, वाळत घातलेला मोह असं एकेक नाव घेता घेता माणूस आजच्या दिवसात परत येतो. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायला सांगायचं. हा सराव प्रत्येकीने स्वतःवर करून पाहिल्याशिवाय दुसऱ्यावर करू नये.

न विचारण्याचा इतका आग्रह का धरावा? एका बैठकीत सगळं सांगून टाकायला लावण्याची पद्धत एकेकाळी जगभर वापरली जात होती. अभ्यासांत तिचा फायदा दिसला नाही, काहींचा त्रास उलट वाढला. जागतिक आरोग्य संघटनेनेही ती वापरू नका असं सांगितलं. संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत आणखी एक गोष्ट आहे आणि ती गावोगाव पोचायला हवी: आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात त्या त्रासासाठी डायझेपाम, अल्प्राझोलामसारख्या गोळ्या देऊ नयेत. आपल्याकडे मात्र मयतीच्या घरात पहिल्याच रात्री कुणीतरी झोपेची गोळी आणतं, आणि सवय लागते ती वर्षानुवर्षं राहते.

काही वाक्यं तोंडातून काढायची नाहीत, म्हणून पाठच करून घ्या. ‘विसरून जा.’ ‘देवाची मर्जी.’ ‘निदान पोरं तरी वाचली.’ ‘नुकसानभरपाई मिळाली ना?’ या शेवटच्या वाक्याने तर मेलेल्या माणसाची किंमत ठरवल्यासारखं होतं.

मरणाचा विचार येतो का, हे मात्र थेट विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही. ‘मावशी, इतका त्रास झाल्यावर कधी जीव द्यावा असं मनात येते का?’ हो म्हटलं तर एकटं सोडायचं नाही, घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला सामील करायचं, कीटकनाशकाचे डबे आणि दोर शेजारच्या घरी कुलपात ठेवायचे आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना कळवायचं. ‘पोलिसांचं लफडं होईल’ म्हणून घरचे लपवतात. त्यांना सांगा, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं. तिला शिक्षा करण्याऐवजी उपचार देणं सरकारवर बंधनकारक आहे.

महिनोन् महिन्यांची साथ

घाव भरण्याचा क्रम मानसोपचारतज्ज्ञ जुडिथ हर्मन यांनी १९९२ च्या ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ या पुस्तकात मांडला. आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग पुन्हा माणसांत येणं. आशाताईचं काम पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यात. मधला टप्पा, म्हणजे जुन्या प्रसंगात पद्धतशीर जाणं, प्रशिक्षित तज्ज्ञाकडे सोपवायचा.

पहिले दोन महिने आठवड्यातून एक ठरलेला वार, ठरलेली वेळ. पंधरा मिनिटं पुरतात, पण आलेली वेळ चुकवायची नाही. ज्याचं जग एका क्षणात कोलमडलं त्याला ‘बुधवारी ताई येते’ एवढी खात्रीही खूप असते. दर भेटीत पुढच्या आठवड्यासाठी एक लहान काम दोघींनी मिळून ठरवायचं. धानाच्या बांधापर्यंत चालून येणं, बहिणीकडे एक दुपार, बचतगटाच्या बैठकीला नुसतं जाऊन बसणं.

वाघाच्या बाबतीत शहरातल्या पुस्तकातली युक्ती जशीच्या तशी वापरू नका. भीतीच्या ठिकाणी पायरी पायरीने परत जाणं हा आघातावरचा चांगला उपाय आहे, पण तो धोका टळलेल्या ठिकाणी. ताडोबाच्या आसपासचं जंगल खरोखर धोक्याचं आहे आणि बाईची भीती पुष्कळ अंशी शहाणी आहे. ‘घाबरू नका’ हे तिथे खोटं. म्हणून आधी वनविभागाच्या माणसाबरोबर बसून कुठे जायचं नाही, किती जणांनी मिळून जायचं, किती वाजल्यानंतर जायचं हे ठरवायचं. मग घराच्या दारातून, गावाच्या विहिरीपासून, शेताच्या रस्त्यापासून परतीची सुरुवात. काही जणी जंगलात कधीच परत जाणार नाहीत. त्यांच्यासाठी रोजगार हमीचं किंवा दुसरं काम शोधणं हाच उपचार. पोटाची सोय लागल्याशिवाय मन सावरेल ही अपेक्षा मला क्रूर वाटते.

शोकाच्या रीती मोडू नका. माडिया लोक मृतांच्या स्मरणार्थ दगड उभे करतात. गोंड, माना, ढिवर, सगळ्यांच्या आपापल्या रीती आहेत. मृतदेह अर्धवट मिळाल्यामुळे किंवा घाईत अंत्यसंस्कार उरकल्यामुळे विधी राहिला असेल, तर तो करून घ्यायला मदत करणं हेही कार्यकर्त्याचं काम. पुजाऱ्याशी भांडण नको. त्याला भेटा, त्याचं ऐका आणि तीन गोष्टींवर शब्द घ्या: ताप असेल तर आधी दवाखाना, मारहाण-चटके नाहीत, आणि कुणाही माणसाचं नाव ‘करणी केली’ म्हणून घ्यायचं नाही. या तिसऱ्या गोष्टीवर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे, तोही समजावून सांगावा.

नक्षल-पोलिस संघर्षाने पोळलेल्या गावांत आणखी सावधपणा लागतो. एका घरात चकमकीत गेलेला पोलिस, दुसऱ्यात खबऱ्या म्हणून मारलेला बाप, तिसऱ्यात नक्षलांच्या दलममध्ये गेलेली मुलगी. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये माओवादी नेता भूपतीसह सुमारे साठ जणांनी गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. परतलेली माणसंही आता याच समाजात राहणार आहेत. कार्यकर्तीने कोण कुणाच्या बाजूचं आहे हे विचारायचं नाही, सांगितलं तर पुढे न्यायचं नाही, आणि वहीत तर लिहायचंच नाही. वहीत फक्त खुणेचा क्रमांक, भेटीची तारीख, झोप-जेवण-काम कसं आहे, आणि पुढचं ठरलेलं काम. वही हरवली तरी कुणाचा जीव धोक्यात येणार नाही, अशीच ती भरलेली असावी. हे शिकवायला प्रत्यक्ष कागद भरून घ्या आणि एकमेकींच्या नोंदी तपासायला लावा.

आश्रमशाळेतली मुलं

सहा-सात वर्षांचं मूल आई, गाव आणि भाषा एकाच दिवशी सोडून वसतिगृहात येतं. वाघ नाही, बंदूक नाही, तरी हा घाव आहेच. अधीक्षिकेला पहिल्या महिन्यासाठी साध्या गोष्टी सांगा. मुलाच्या बोलीत बोलणारा मोठा मुलगा किंवा मुलगी सोबतीला द्यायची, घरून आणलेलं फडकं काढून घ्यायचं नाही, अंथरूण ओलं झालं तर सगळ्यांसमोर बोलायचं नाही, पळून गेलेल्या मुलाला परत आणल्यावर आधी जेवायला द्यायचं. शिक्षकांकडून होणारी मारहाण थांबवल्याशिवाय शाळेत समुपदेशनाचा कार्यक्रम ठेवणं निरर्थक आहे.

लैंगिक अत्याचाराची शंका आली तर काय करायचं, याचा सराव वेगळा घ्या. मुलाला खोदून विचारायचं नाही, कारण तो जबाब नंतर पोलिस आणि न्यायाधीश नोंदवतात आणि आपल्या प्रश्नांनी तो बिघडतो. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही’ एवढं म्हणायचं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन कधीच द्यायचं नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि लपवणाऱ्याला शिक्षा आहे. संस्थेची अब्रू, मुख्याध्यापकांची परवानगी, गावची बैठक यांपैकी कशासाठीही थांबता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी स्त्री डॉक्टरकडून, आई किंवा मुलीचा विश्वास असलेल्या व्यक्तीच्या उपस्थितीत व्हायला हवी. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आणि अत्याचारग्रस्तांसाठीची राज्याची मनोधैर्य योजना, दोन्हींची माहिती अधीक्षिकेच्या खोलीत लावून ठेवा.

कार्यकर्तीचं मन

ऐकणाऱ्याला लागतंच. आशाताई त्याच गावची असते, वाघाने नेलेली बाई तिची चुलती असू शकते, मार खाणारी बाई कदाचित ती स्वतःच. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशीच सांगा, की एखाद्या घरी जाणं जमणार नसेल तर तसं सांगायची मोकळीक आहे आणि त्याबद्दल कुणी प्रश्न करणार नाही. एका कार्यकर्तीकडे एका वेळी तीन-चारपेक्षा जास्त अशी घरं नकोत. या भेटींचा मोबदला आणि प्रवासखर्च आधी ठरवा. तिच्या डोक्यावर आधीच नोंदवह्यांचा डोंगर आहे, आणि तिच्या दयाळूपणावर फुकट योजना चालवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

पाठपुराव्याचा साचा बाहेरून आणायची गरज नाही. गडचिरोलीतल्याच मेंढा (लेखा) गावाने कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने अभ्यासगटाची रीत रुजवली. गोल बसायचं, घाई करायची नाही, एका विषयावर सगळ्यांनी बोलायचं, समजेपर्यंत निर्णय घ्यायचा नाही. तसाच महिन्यातून दोनदा पाच-सहा कार्यकर्त्यांचा गट उपकेंद्रात बसावा. नाव न घेता एक-दोन घरांविषयी बोलणं, अडलेलं विचारणं, मग थोडा वेळ स्वतःविषयी. महिन्यातल्या एका बैठकीला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातले मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक प्रत्यक्ष नाही तर फोनवर हवेतच. चर्चा तपासणीच्या सुरात गेली की कार्यकर्त्या गोड गोड बोलू लागतात, म्हणून गटप्रवर्तकाने प्रश्न विचारणाऱ्याच्या जागी बसावं.

वर्षाअखेरीस किती जणींना प्रशिक्षण दिलं हा आकडा बाजूला ठेवा. सहा महिन्यांपूर्वी नोंदलेल्या घरांपैकी किती घरी अजून जाणं चालू आहे, किती माणसं कामाला लागली, पुढे पाठवलेल्यांपैकी किती खरोखर डॉक्टरांपर्यंत पोचले आणि किती वाटेतून परतले, हे मोजा. वाटेतून परतण्याचं कारण बहुधा एसटी, मजुरी किंवा सोबतीला माणूस नसणं हे असतं.

पावसाच्या आधी

पाठवायची वाट कागदावर काढून ठेवायची ती उन्हाळ्यातच. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, गडचिरोली किंवा चंद्रपूरचं जिल्हा पातळीवरचं रुग्णालय आणि गरज पडली तर नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय. प्रत्येक ठिकाणी मानसोपचाराची बाह्यरुग्ण तपासणी कोणत्या वारी असते, कुणाला भेटायचं, गाडी कुठून मिळते, भाडं कोण देणार. टेलि-मानस या फोनवरच्या मानसिक मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. पण भामरागड-एटापल्लीच्या कितीतरी पाड्यांवर फोन लागत नाही. तिथे कोणत्या टेकडीवर किंवा कोणत्या गावात रेंज येते ते आशाताईला ठाऊक असतं, तेही कागदावर यावं.

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. ज्यांच्या मानसोपचाराच्या गोळ्या चालू आहेत त्यांची यादी मे अखेर तयार हवी आणि पाऊसभर पुरतील एवढ्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने जूनच्या पहिल्या आठवड्यात उपकेंद्रात आलेल्या असाव्यात. जीव द्यायचा विचार बोलून दाखवलेल्या माणसाच्या घरी मात्र एका वेळी आठवड्याच्याच गोळ्या द्याव्या आणि त्या घरातल्या दुसऱ्याच्या हाती असाव्या. हे सगळं वेळेत व्हायचं तर प्रशिक्षणाची पहिली खेप धान निघाल्यावर, जानेवारीत घ्या आणि दुसरी मोहफूल सुरू व्हायच्या आत संपवा, म्हणजे मे महिन्यात पहिली हाक येईल तेव्हा सराव ताजा असेल.